तीन सह्यांची प्रश्नपेटी

मित्रांनो, विद्यापीठाच्या दवाखान्यात शिरताना डाव्या हाताला भिंतीवर जी हिरवी पत्र्याची पेटी दिसते, ती मी. मी चांगली जुनी आहे, नव्या रंगावर जाऊ नका. नव्याने आलेली मुलं मला पाहून गोंधळतात. कोणी टपालपेटी समजतं, कोणी तक्रारपेटी, एकाने तर माझ्यात बसचं तिकीट टाकलं. मी प्रश्नपेटी आहे. जे आईला विचारता येत नाही आणि मित्राला विचारलं तर तो गावभर करतो, ते विचारायला मी.

माझा जन्म इथल्याच कर्मशाळेतला. मोडक्या कपाटाचं दार कापून वेल्डरकाकांनी मला बनवलं. तेव्हाच्या डॉक्टरबाई स्वतः शेजारी उभ्या होत्या. "फट तिरपी ठेवा," त्या म्हणाल्या. "चिठ्ठी आत गेली पाहिजे, पण कोणाची बोटं तिच्यामागे जाता कामा नयेत."

"बाई, तिजोरी करताय का?" काकांनी विचारलं.

"त्याहून मोलाचं आहे," बाई म्हणाल्या. मला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता.

बाईंची पद्धत साधी होती. चिठ्ठीवर नाव लिहायचं नाही, सुचेल ते टोपणनाव लिहायचं. गुरुवारी दुपारी बाई मला उघडत आणि शुक्रवारी सकाळी शेजारच्या फलकावर उत्तरांची कार्डं लागत. 'उंट' नावाच्या एकाने विचारलं होतं, हस्तमैथुनाने अंगातली ताकद जाते का. बाईंनी लिहिलं, "उंट, काही जात नाही. झोप पुरी घे आणि भिंतींवरच्या जाहिराती वाचू नकोस." 'तिसरा मजला' हिला वाटायचं, पहिल्याच वेळी दिवस राहत नाहीत. बाईंनी लिहिलं, राहू शकतात. कोणी विचारलं, दोन कंडोम एकावर एक घातले तर दुप्पट सुरक्षित का? "नाही. एकमेकांना घासून फाटतात. एकच, नीट, आणि दर वेळी नवा."

फलकापुढे गर्दी व्हायची. मुलं एकमेकांना कोपरखळ्या मारत वाचायची, पण वाचायची. पोटात पडलेली चिठ्ठी मला वाचता येते, तेवढीच माझी विद्या. बाई उत्तर लिहिताना मोठ्याने बोलायच्या, ते ऐकून ऐकून मी अर्धी डॉक्टर झाले होते.

मग बाई निवृत्त झाल्या आणि माझे दिवस फिरले. कोणी एक पाहुणे फलक वाचून लालबुंद झाले, कार्यालयात बैठक बसली. पेटी काढून टाका असं म्हणायची कोणाची छाती झाली नाही, म्हणून मला नियम लावले. पेटी उघडायची ती तिघांच्या सह्या झाल्यावरच. नवे डॉक्टर, वसतिगृहाच्या रेक्टरबाई आणि कार्यालयातले मोठे साहेब. डॉक्टर म्हणायचे, रेक्टरबाईंची सही आधी हवी. रेक्टरबाई म्हणायच्या, साहेबांच्या आधी मी कशी करू? साहेब म्हणायचे, कागद डॉक्टरांकडून यायला हवा. तिघंही सज्जन. नाही असं कोणीच म्हटलं नाही. मला रंग दिला, पोटावर 'गोपनीय' असं लिहिलं, नवं कुलूप लावलं आणि माझ्या सुरक्षिततेसाठी बरोबर डोक्यावर कॅमेरा बसवला. आता बोला.

चिठ्ठ्या आटल्या. तरी ती आली. पहिल्या वर्षाची, खांद्यावर निळी पिशवी, केस ओले. कॅमेऱ्याकडे पाठ करून तिने चिठ्ठी सरकवली. "खाली एक लहानशी जखम झाली आहे. अजिबात दुखत नाही. याला काय म्हणतात? — मागचा बाक."

मी ती दोनदा वाचली. अशी चिठ्ठी आली की बाई चष्मा काढून ठेवायच्या. "न दुखणारी जखम लबाड असते," त्या म्हणायच्या. "तीन-चार आठवड्यांनी आपली आपण भरते आणि माणूस निर्धास्त होतो. संबंधातून लागलेला रोग, सिफिलिस, मात्र आतच राहतो. रक्त तपासा, औषध द्या, आणि ज्याच्याकडून आला त्यालाही बोलवा." सगळं मला पाठ होतं. पण मला तोंड म्हणून एक फट, ती फक्त आत घेण्यापुरती.

उत्तरं शुक्रवारी लागतात, असं वसतिगृहात अजून सांगायचे, म्हणून शुक्रवारी ती फलकापुढे आली. फलकावर गाड्या कुठे लावाव्यात याची सूचना होती आणि कोणाची तरी छत्री हरवली होती. तिने दोन्ही कागद शेवटपर्यंत वाचले. पुढच्या शुक्रवारीही तेच. मग एक दिवस ती धीर करून दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीवर गेली. मागे आठ-दहा जणांची रांग होती.

"काय होतंय? जरा मोठ्याने बोला," कंपाउंडर म्हणाला. "लग्न झालंय का?"

"डोकं दुखतंय," ती म्हणाली.

त्याने चार गोळ्या दिल्या आणि जेवल्यावर घ्यायला सांगितलं. त्याचंही काय चुकलं म्हणा, तो सगळ्यांनाच असं विचारतो.

महिन्याभराने तिची दुसरी चिठ्ठी आली. "जखम आपोआप गेली. म्हणजे मी बरी झाले ना? नुसतं हो लिहिलंत तरी चालेल." या वेळी बरोबर तिची मैत्रीण होती.

"गेली ना? मग झालं तर," मैत्रीण म्हणाली. "उगाच जीव टांगणीला लावून घेतलास."

"अगं, पण त्यांनी काहीच लिहिलं नाही."

"काळजीचं असतं तर लिहिलं नसतं का?"

मित्रांनो, हे ऐकून मला माझीच लाज वाटली. माझं गप्प बसणं त्या दोघींनी उत्तर म्हणून घेतलं होतं.

तिसरी चिठ्ठी वार्षिक परीक्षेच्या आधी पडली. "तळहातावर लाल ठिपके आले आहेत. खाजत नाहीत. त्या जखमेशी याचा काही संबंध आहे का? मी आता परत विचारणार नाही." आणि तिने खरंच परत विचारलं नाही. ठिपकेही पुढे आपोआप गेले असणार. ते जातात. बाई सांगायच्या, त्यानंतर हा रोग वर्षानुवर्षं दडून बसू शकतो आणि मग कधीतरी मेंदूवर, काळजावर, पोटातल्या बाळावर उठतो.

यंदा तपासणी समिती येणार म्हणून एका दिवसात तिन्ही सह्या झाल्या. मला टेबलावर उपडं केलं. चिठ्ठ्या वाचता वाचता डॉक्टरांनी एकाच अक्षरातल्या तीन चिठ्ठ्या एका ओळीत मांडल्या.

"ही मुलगी कोण?" त्यांनी विचारलं.

"नाव लिहायचं नाही, असाच नियम आहे," साहेब म्हणाले.

"कॅमेऱ्यात असेल."

"पंधरा दिवसांनी पुसलं जातं."

"खिडकीवर आली असेल कधी?"

"रोज पन्नास येतात हो," कंपाउंडर म्हणाला.

मी तिथेच उपडी पडले होते. मला तिचा चेहरा ठाऊक आहे, चाल ठाऊक आहे. पण पेटीला कोण विचारणार?

डॉक्टरांनी त्याच दिवशी स्वतःच्या हाताने कार्ड लिहिलं. "मागचा बाक, तू बरी झालेली नाहीस. पण औषधाने नक्की बरी होशील. खिडकीवर काही सांगू नकोस, सरळ आत ये. उशीर आमच्याकडून झाला." कार्ड फलकाच्या मधोमध लागलं. ती रोज याच वाटेने ग्रंथालयात जाते. पण फलकाकडे बघणं तिने केव्हाच सोडलं आहे. पंधरा दिवस ती त्या कार्डासमोरून मान खाली घालून गेली.

म्हणून सांगते, तुमच्या अंगावर असं काही उठलं तर माझ्यात चिठ्ठी टाकून वाट बघत बसू नका. दार ढकला, आत जा, डॉक्टरांना तोंडाने सांगा. ते दुखत नसेल तर आणखी लवकर जा. माझा भरवसा धरू नका, माझी किल्ली माझ्याजवळ नाही.

काल शिपाईदादांनी त्या कार्डावर एक मोठा कागद लावला, वसतिगृहाला कोणत्या वेळी पाणी येणार त्याचा. दुपारी ती आली आणि कितीतरी महिन्यांनी फलकापुढे थांबली. तिने वही काढली, पाण्याच्या वेळा उतरवून घेतल्या आणि गेली. उद्याही ती याच वाटेने जाईल. मित्रांनो, तुमच्यापैकी कोणीतरी तेवढा तो कागद जरा बाजूला सरकवा.