चार बोटांची धार

खर्र.

स्वयंपाकघरातली सकाळची शांतता त्या आवाजाने चरचरली. ओट्यावर ओला दगड होता, दगडाखाली घडी घातलेलं फडकं आणि तिच्या हातात वीतभराहून लांब पात्याचा सुरा. तिने श्वास रोखून कानोसा घेतला. आतून भुंगीचं घोरणं ऐकू येत होतं. पोर सहा वर्षांची, घोरणं मात्र एखाद्या पहिलवानाचं. तिने पातं दगडावर उभं टेकवलं आणि पुन्हा ओढलं. खर्र.

"हा काही धार लावायचा आवाज नव्हे."

बाबा दारात उभे होते. अंगात बनियन, डोळ्यांत झोपेचा मागमूस नाही.

"तुम्ही कशाला उठलात? पडा जरा. चहा झाला की हाक मारते."

"धार लावताना पातं आडवं सरकतं. आवाज कसा मऊ येतो. तू ते उभं घासतेयस. धार मारतेयस तू त्याची."

"तिथून काय दिसतंय तुम्हाला?"

"दिसायला कशाला हवं? बावीस वर्षं हेच ऐकत होतो की." ते जवळ आले. पात्यावर वाकून त्यांनी उजव्या हाताचं बोट हलकेच फिरवलं. टोकाकडे पातं लखलखीत होतं. मुठीलगत चार बोटांइतकी जागा मात्र पार मेलेली. बाबांना सगळं समजलं. बारीक काम करताना सुरा तिथेच चालतो, मुठीच्या अगदी जवळ.

"शिबिरात लेकरं असतात, पोरी."

"लेकरांना कोण हात लावतंय? लाकूड मेजर स्वतः धरतो."

बाबांनी डावा हात बनियनखाली लपवला. नऊ वर्षं झाली, तरी ही सवय सुटली नव्हती. त्या हाताला अंगठा नव्हता.

गावाबाहेरच्या झाडीत शाळकरी मुलांचं शिबिर भरायचं. पाच दिवस तंबू, गाठी, शेकोटी. बाबा तिथे कामाला होते. तंबूच्या खुंट्या, भांडी टांगायचे आकडे, ढवळायचे चमचे, सगळं ते एका मोठ्या सुऱ्याने करायचे. रान साफ करायच्या त्या आडदांड पात्याने ते चमच्याची खोलगट वाटीसुद्धा कोरायचे. बघणारे म्हणायचे, "अहो, कुऱ्हाडीने नखं कापताय की काय!" बाबांची युक्ती साधी होती. सुऱ्याचं टोक ओंडक्यात रोवायचं, मूठ उजव्या हाताने दाबून धरायची आणि लाकूड डाव्या हाताने पात्यावरून आपल्याकडे ओढायचं. 'सुरा थांबतो, लाकूड चालतं,' असं ते प्रत्येक तुकडीला सांगायचे.

शिबिराचा प्रमुख म्हणजे मेजर. सैन्यात तो एक दिवससुद्धा नव्हता, पण मिशा आणि आवाज बघून लोक मेजर म्हणू लागले आणि त्यानेही कधी नको म्हटलं नाही. एकदा पालकांसमोर रुबाब दाखवायला त्याने बाबांना लाकूड धरायला लावलं आणि सुरा स्वतः हाती घेतला. "साहेब, सुरा रोवा आधी," बाबा म्हणाले. मेजर हसला आणि वार केला.

अहवालात लिहिलं गेलं, 'कर्मचाऱ्याने लाकूड चुकीच्या पद्धतीने धरले.' लिहिणारा मेजरच. बाबा घरी बसले. सुरा धरणारा हात शाबूत होता, पण त्याच्यापुढे लाकूड धरणारा हात निकामी झाला होता. शर्टाचं वरचं बटण ती लावून द्यायची. आता भुंगी लावते.

तीन वर्षांपूर्वी तिने त्याच शिबिराच्या सामानघरात नोकरी धरली. लोकांना वाटलं, पोटासाठी पोरगी सगळं गिळून बसली. ती सुऱ्यांना धार लावायची, कधी घरी आणूनसुद्धा, दोर गुंडाळायची, मेजरला "हो साहेब" म्हणायची आणि डोळ्यांत तेल घालून त्याचे हात बघायची. समारोपाला तो दरवेळी तेच करायचा. आधी सुऱ्याच्या टोकाने कागद चिरायचा, टाळ्या घ्यायचा. मग एका हातात खुंटी धरून मुठीलगतच्या धारेने तिला खाच पाडायचा. धार बोथट असली की पातं लाकडात रुतत नाही, घसरतं. घसरून कुठे जाईल, हे तिने हजारदा मनात पाहिलं होतं. कुणाचा जीव जाणार नव्हता. एक अंगठा, बस्स.

"आई, धार लावतेस?" भुंगी डोळे चोळत येऊन तिला बिलगली. झोपेने उबदार झालेलं ते अंग, विस्कटलेल्या झिपऱ्या.

"हो, माझी राणी."

बाबांनी मान फिरवली.

त्या दिवशी समारोप होता, शाळेला सुट्टी होती आणि भुंगीने हट्टच धरला, म्हणून तिला बरोबर नेणं भाग पडलं. 'मागच्या रांगेत बसायचं, तोंड बंद,' या अटीवर. मैदानात पालक बाकांवर बसले होते, मुलं पुढे सतरंजीवर. ती सामानघराच्या दारात, हात पदराला पुसत. हात कोरडेच होते.

मेजरने टोकाने कागद चिरला. टाळ्या झाल्या.

"आता बघा! एवढा मोठा सुरा आणि एवढीशी खाच!" त्याने खुंटी उंच धरली. सामानघराच्या दारातून ती एक पाऊल पुढे आली. हे, हेच पाहायला ती तीन वर्षं थांबली होती. "पण मी एकटाच किती करू? आमच्याकडे सगळं किती सुरक्षित असतं, तेही कळू दे पालकांना. कोण धरतंय लाकूड? चला, कोण शूर आहे?"

मागच्या रांगेतून एक हात सगळ्यात आधी वर गेला.

"मी! माझे आजोबा धरायचे!"

भुंगी सतरंजीवरच्या मुलांमधून धावतही सुटली. मेजरने खुंटी तिच्या मुठीत दिली, ओंडक्यावर टेकवली आणि सुरा खाली आणला.

"थांबा!"

मैदान कसं ओलांडलं, ते तिला कळलं नाही. तिने मेजरचं मनगट पकडलं होतं. साहेबाचं मनगट, सगळ्यांदेखत.

"काय गं हे? वेड लागलं का?"

"सुरा बोथट आहे."

"बोथट? आत्ता कागद चिरला मी!"

"टोकाला आहे धार. मुठीजवळ नाही. बोट फिरवून बघा."

त्याने फिरवलं. चेहरा उतरला, पण क्षणभरच. मग आवाज चढला. "धार लावायचं काम कुणाचं? तुझं ना? बापावर गेलीस अगदी. निष्काळजी!"

एरवी ती गप्प बसली असती. पण भुंगीचा इवलासा अंगठा अजून खुंटीवर होता आणि तो बघून तिच्या तोंडावरचं नऊ वर्षांचं कुलूप तुटलं.

"काम माझं होतं. चूक माझी आहे, म्हणते मी," ती म्हणाली. "तुम्ही कधी म्हणालात?"

तिने सुरा त्याच्या हातातून काढून घेतला, टोक ओंडक्यात रोवलं आणि भुंगीच्या हातून खुंटी घेतली. टोकाजवळच्या चांगल्या धारेवरून ती लाकूड आपल्याकडे ओढू लागली. पातळ, कुरळी साल निघाली. मग दुसरी. खाच अशी पडली, जशी नखाने लोण्यावर रेघ ओढावी.

"माझे बाबा इथेच कामाला होते. सुरा आधी रोवा, असं त्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही हसलात. त्यांचा अंगठा गेला तेव्हा सुरा तुमच्या हातात होता, साहेब. अहवालात तेवढंच लिहायचं राहिलं."

कुणी टाळी वाजवली नाही. पहिल्या बाकावरच्या एका बाईने आपल्या मुलाला हळूच मागे ओढून घेतलं. मग दुसरीने. मेजरच्या मिशा हलल्या. शेवटी तो एवढंच पुटपुटला, "उद्यापासून येऊ नकोस."

तिने सामानघराच्या किल्ल्या ओंडक्यावर ठेवल्या.

दोघी घरी आल्या. बोलायला भुंगी होतीच. उंबऱ्यातूनच तिने सुरुवात केली, "आजोबा, आईने मेजरची अशी जिरवली ना!" खुंटी बाबांच्या मांडीवर आली. त्यांनी ती उजव्या हातात घेतली, खाचेवरून बोट फिरवलं, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा डावा हात उघड्यावर आणून खुंटीच्या दुसऱ्या टोकाला लावला.

"खाच सरळ आलीय," ते म्हणाले. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही.

ती पाणी प्यायला वळली. ओट्यावर सकाळचा दगड तसाच पडला होता, वाळलेला. भुंगी तिच्यामागे आली आणि टाचा उंचावून दगडाकडे बघू लागली.

"आई, तू तर सकाळी सुऱ्याला धार लावत होतीस ना? मग तो बोथट कसा झाला?"