बंबाचं पाणी पितंय कोण?

मित्रांनो, मी आग विझवणारा एक जुना बंब आहे आणि माझा कोणावरही विश्वास नाही. आगीशी वैर धरणाऱ्याला तो परवडत नाही. कोणी साधी काडी ओढली, तरी मी आधी त्याच्याकडे चोर म्हणूनच बघतो.

एका कारखान्यात माझ्या पोटात टाकी बसवली, अंगाला लाल रंग फासला आणि मला या छोट्या विमानतळावर आणून सोडलं. विमानतळ कसला? गवत कापून केलेली पट्टी, एक पत्र्याची शेड आणि खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी. वजनकाटा एकच. त्यावर बॅगाही चढायच्या आणि प्रवासीही. एक जाडजूड प्रवासी काट्यावर चढला की सगळी शेड पोट धरून हसायची. पुढे डांबर आलं, दिवे आले, टॉवर आला, कँटीन आलं. शेवटी काचेची नवी इमारत आली. नवा बंब तेवढा आला नाही.

पण माझा रुबाब ऐका. माझी टाकी काठोकाठ भरलेली नसेल, तर विमानाला उतरायची परवानगी नाही! माझा चालक रोज वर चढायचा, झाकण उघडून आत डोकावायचा आणि टॉवरकडे बघून हात उंच करायचा. मगच वरून हिरवा दिवा. या चालकाचा आवाज एवढा मोठा, की सगळे त्याला भोंगाच म्हणायचे. फाटकावरचा चौकीदार त्याचा सख्खा साडू. दोघं माझ्या पायरीवर बसून जेवायचे आणि सासुरवाडीची उणीदुणी काढायचे.

मग नवे साहेब आले. त्यांना आगीपेक्षा पाहुण्यांची भीती जास्त. आल्या आल्या त्यांनी इमारतीसमोर कारंजं बांधलं. आणि माझ्याबद्दल हुकूम सोडला, "बंब सदैव तयार हवा. पाण्याची नळी याच्या मागच्या तोंडाला कायम जोडून ठेवा. विमान यायच्या वेळी तेवढी काढा."

ऐकायला किती छान! पण तेव्हापासून माझं पाणी कमी व्हायला लागलं. सकाळी काठोकाठ, दुपारी बघावं तर टाकीचा तळ दिसतोय. पोटातून काहीतरी ओढलं जातंय हे मला कळायचं. कुठून, ते कळेना. माझे दिवे पुढे आहेत मित्रांनो, पाठीमागे काय चाललंय ते मला दिसत नाही.

मी सगळ्यांवर नजर ठेवली. कँटीनवाल्या मावशीची भांडी हल्ली जास्तच चकचकीत दिसत होती. माळ्याची रोपं माजली होती. आणि चौकीदाराचे बूट ओले! बूट का ओले?

भोंग्यालाही तेच दिसलं. "साडूभाऊ, बूट कुठे भिजवले?"

"कारंज्याचे शिंतोडे उडतात फाटकापर्यंत. का?"

"नाही, सहज विचारलं."

"सहज विचारणारा माणूस असा डोळे बारीक करून बघत नाही. टाकीची किल्ली तुझ्याकडे असते, माझ्याकडे नाही."

त्या दिवसापासून माझी पायरी रिकामी पडली.

आणि मग व्हायचं तेच झालं. एके दुपारी विमान वर आलं आणि माझ्या टाकीत जेमतेम निम्मं पाणी. भोंग्याने नळ पूर्ण उघडला, तर नळीत धारच नाही. विमान वर घिरट्या घालून आल्या वाटेने परत गेलं. त्यात शहरातून येणारा हाडांचा डॉक्टर होता. इकडे दवाखान्यात पाय मोडलेली माणसं त्याची वाट बघत होती.

साहेब प्रवाशांच्या गर्दीत भोंग्यावर ओरडले, "पाणी विकतोस? चोर कुठला! पुन्हा टाकी कमी दिसली, तर कायमचा घरी बस."

भोंगा माझ्यावर चढला आणि झाकण पुन्हा उघडून आत बघत बसला.

काही दिवसांनी साहेबांचे पाहुणे येणार होते. कारंजं सकाळपासून नाचत होतं. एवढ्यात टॉवरचा सायरन केकाटला. वेळापत्रकात नसलेलं एक छोटं विमान धूर सोडत खाली येत होतं. नळी काढायला वेळच नव्हता. भोंग्याने तशीच गाडी हाणली. मागे नळी ताणली, फाटकन तुटली. नळाकडचं तुटलेलं टोक जमिनीवर पडलं. त्यातून पाणी उसळायला हवं होतं की नाही? ते फुरफुर करत हवा ओढत होतं! आणि तिकडे कारंजं मान टाकून खाली बसलं.

"अगं बाई!" मावशी किंचाळली. "हे मेलं कारंजं बंबाचं पाणी पितंय!" कारंज्याचा पंप माझ्याच नळाच्या पाइपावर बसवला होता; नळाचं पाणी कमी पडलं, की तो नळीतून माझंच पाणी उलटं ओढायचा.

माझ्या मागच्या तोंडातून उरलंसुरलं पाणी सांडत होतं. चौकीदार धावत आला, मागच्या दांडीला लटकला आणि आपली टोपी त्या तोंडात कोंबून दोन्ही हातांनी दाबून धरली. धावपट्टीवर उतरलेल्या विमानाचं चाक पेटलं होतं. होतं तेवढं पाणी भोंग्याने नेमकं चाकावर मारलं. चाक विझलं. वैमानिक खोकत खाली उतरला आणि माझ्या टाकीत फक्त ओल उरली.

साहेब धापा टाकत आले. "शाबास! आता झालं गेलं विसरून जा."

"नाही विसरत," भोंगा म्हणाला. "चोर सगळ्यांसमोर म्हणालात ना? मग आता माईकवर बोला."

"अरे, माईक विमानांच्या सूचनांसाठी आहे."

"ही सूचनाच समजा."

चौकीदार शेजारी येऊन उभा राहिला. माळी आला. मावशी झारा घेऊन आली. साहेब माईकजवळ गेले आणि पुटपुटले.

"ऐकू नाही आलं हो!" मावशी ओरडली.

मग साऱ्या विमानतळावर, शौचालयातसुद्धा, ऐकू आलं, "बंबाचं पाणी कोणीही चोरलं नव्हतं. ते मी बांधलेल्या कारंज्यात जात होतं. चालक चोर नाही. चौकीदारही नाही."

मित्रांनो, तुमच्या शाळेत, दवाखान्यात, सिनेमागृहात भिंतीवर आग विझवायचं एक लाल नळकांडं टांगलेलं असतं. ते माझं भावंड आहे. ते भरलेलं आहे का, हे तिथल्या मोठ्या माणसाला विचारा. "असेल," असं म्हणाला, तर तपासून दाखवा म्हणा. चिडला, तर आणखी मोठ्याने विचारा.