रेन्स्केचा मे महिना

आमच्या गावात राणी व्हायला सिंहासन लागत नाही, संडास पुरतो.

वाढदिवसांचं कॅलेंडर आमच्याकडे संडासात टांगतात. आत बसलं की बरोबर समोर दिसेल असं. त्यावर साल नसतं, वार नसतात, नुसत्या तारखा आणि त्यांच्यापुढे आपल्या माणसांची नावं. त्यामुळे एकदा टांगलं की ते वर्षानुवर्षं चालतं. आणि गावातल्या बहुतेक घरांत कॅलेंडर असायचं ते वुबोचं. वुबो माळाच्या कडेला राहतो आणि चित्रं काढतो. माळावरच्या प्रचंड दगडांवर तो ड्रॅगन बसवतो, धुक्यातून पांढऱ्या बायका उभ्या करतो, तळ्यावर तरंगते किल्ले बांधतो. मे महिन्याच्या पानावर त्याने पऱ्यांची राणी काढली होती. पांढऱ्या हरणावर बसलेली, केस वाऱ्यावर सोडलेले, कान टोकदार. ती राणी म्हणजे माझी धाकटी बहीण रेन्स्के.

आता माझं काय चुकलं ते सांगा. वुबोच्या चित्रांची वेडी मी. लहानपणापासून दर वर्षी त्याचं नवं, साल-वारांचं भिंतीवरचं कॅलेंडर माझ्या पलंगाच्या वर असायचं. पुढच्या महिन्याचं पान आधी बघायचं नाही, हा माझा नेम. पहिल्या तारखेला सगळ्यांच्या आधी उठून पान उलटायचं आणि ड्रॅगनच्या खवल्यांवरून बोट फिरवत बसायचं. रेन्स्के नाक मुरडायची. "हे काय कान म्हणायचे? सशाचे काढलेत नुसते!" गाढवाला गुळाची चव काय! आणि तीच बया एकदा वुबोकडे अंडी पोचवायला गेली, त्याने तिला दारातच थांबवलं, कागद काढला, आणि झाली राणी. अंडी पोचवायची पाळी खरं तर माझी होती. पण मी हलले नाही. त्याचंच कॅलेंडर बघत बसले होते ना!

तेव्हापासून माझा जो जळफळाट सुरू झाला तो लग्न झालं, मुलं झाली, केस पांढरे झाले तरी थांबला नाही. कोणाच्याही घरी जा, संडासाचं दार लावून बसा, की समोर रेन्स्के. तिचा वाढदिवसही मे महिन्यातलाच, पण माझ्या स्वतःच्या घरी मे महिना फार टिकायचा नाही. पहिल्या आठवड्यातच मी पान उलटून जून करून टाकायची. एका वर्षी जून बघून माझा नवरा रूलोफ म्हणाला, "रेन्स्केचा वाढदिवस गेला वाटतं." आणि तो तिला शुभेच्छा द्यायलाच गेला नाही. रेन्स्के महिनाभर फुगून बसली. मला मात्र त्या महिन्यात झोप छान लागली.

तिच्या वाढदिवसाला तर माझा जीव नको नको व्हायचा. गोल मांडलेल्या खुर्च्या, कॉफी, केकचा एकेक तुकडा. येणारा प्रत्येक पाहुणा सगळ्यांशी हात मिळवत फिरतो आणि नुसतं तिचंच नाही, तिच्या नातेवाइकांचंही अभिनंदन करतो, ही आमची रीत. "अभिनंदन, डिना, तुझ्या बहिणीबद्दल!" एवढ्या वर्षांत हे वाक्य मी किती वेळा गिळलं असेल! त्यात शेजारची हार्म्के संडासातून येऊन दर वर्षी न चुकता म्हणायची, "रेन्स्के, अगं तू आहेस तश्शीच आहेस."

मग गेल्या शरदात बातमी आली की जुनी पानं पिवळी पडली म्हणून वुबो नवं कॅलेंडर काढतोय. हात थरथरायला लागलेत, हे शेवटचंच. ते ऐकल्यावर मला घरात बसवेना. सफरचंदाचा केक केला आणि थेट त्याच्या दारात जाऊन उभी राहिले.

"वुबो, मला काढा."

त्याने चष्मा कपाळावर ढकलून माझ्याकडे पाहिलं. "तू कोण, अंडीवालीची बहीण ना?"

बघा! एवढा जन्म गेला, आणि मी अंडीवालीची बहीण.

तरी त्याने बसवलं. अख्खा हिवाळा मी त्याच्या खिडकीपाशी बसत होते. काय काढतोय ते छापून येईपर्यंत दाखवायचं नाही, हा त्याचा नियम, आणि पान आधी न बघण्याची सवय मला होतीच. मनात म्हटलं, समुद्राची राणी असणार. शिंपल्यांचा मुकुट, मागे बुडालेलं शहर. पण म्हातारा माझा चेहरा काढता काढता सारखं तिचंच विचारायचा. मी जरा निवांत झाले, चेहऱ्यावर राणीसारखं हसू आणलं, की हा सुरूच. "रेन्स्के कशी आहे? अजून तशीच देखणी दिसते का गं?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. मी म्हणायची, "बरी आहे." आणि त्याचा ब्रश भराभर चालायला लागायचा.

रूलोफ घरी चिडवायचा. "राणीसरकार, आज बटाटे सोलणार की दासीला सांगू?"

एप्रिलच्या शेवटी कॅलेंडर हातात आलं. जानेवारीत बर्फाचा राक्षस, मार्चमध्ये पांढऱ्या बायका, जूनमध्ये समुद्राची राणी. शिंपल्यांचा मुकुट, बुडालेलं शहर, सगळं मी मनात धरलं होतं तसंच, आणि चेहरा बेकरीवाल्याच्या पोरीचा! डिसेंबरपर्यंत गेले, मी कुठेच नव्हते. पुन्हा पहिल्यापासून बघायला घेतलं, तेव्हा रूलोफने माझ्या खांद्यावरून वाकून मे महिन्यावर बोट ठेवलं.

"ही काय तू!"

माळावरच्या दगडांना विळखा घालून हिरवी ड्रॅगीण बसली होती. एक डोळा अर्धा मिटलेला, दुसऱ्याने ती तिरकं बघत होती. पानाच्या पार कोपऱ्यात एक नखाएवढी राणी हरणावरून निघाली होती, तिच्याकडे ही नजर. ड्रॅगिणीच्या डाव्या डोळ्याखाली माझा तीळ. रूलोफ हसून हसून खाली बसला. "अगं, रेन्स्केचा केक फुगला की तू अश्शीच बघतेस!"

मी तशीच वुबोकडे गेले. "बाईमाणसाची अशी थट्टा करतात? सगळं गाव मला संडासात बघून हसणार!"

"हसू दे," तो म्हणाला. "तुझ्या बहिणीला मी एका दुपारी काढलं आणि विसरलो. सुंदर चेहऱ्यात काही शोधावं लागत नाही. तुझ्यावर माझा हिवाळा गेला."

"मग सारखं तिचं नाव का काढत होता?"

"नाही काढलं की तुझे डोळे विझायचे."

मी केकचं भांडं परत मागितलं आणि घरी आले.

रेन्स्केच्या वाढदिवसाला पोटदुखीचं सोंग करणार होते, पण रूलोफने ऐकलं नाही. रेन्स्केनेही नवं कॅलेंडर टांगलं होतं. कॉफी झाली, आणि हार्म्के उठून आत गेली. मी केकमध्ये तोंड खुपसून बसले. ती बाहेर आली ती सरळ माझ्यापुढे उभी राहिली.

"डिना! अगं काय ते डोळे! मी उठूच शकले नाही."

मग रांगच लागली. जो तो जाऊन येई आणि माझ्याकडे बघे. कोणी म्हणालं, जिवंत आहे गं. कोणी म्हणालं, भीती वाटली. कोपऱ्यातली राणी हार्म्के सोडून कोणाला दिसलीसुद्धा नव्हती. "रेन्स्के, ती नखाएवढी तू आहेस की काय?" हार्म्केने विचारलं आणि स्वतःच हसली. तेवढ्यात उशिरा आलेला हार्म्केचा नवरा आत डोकावून आला आणि त्याने भर वाढदिवसाला रेन्स्केचाच हात धरून हलवला.

"अभिनंदन, रेन्स्के, तुझ्या बहिणीबद्दल!"

खोलीभर हशा पिकला. रेन्स्के पण हसली. मग तिने केक कापायला घेतला, मला सगळ्यात पातळ तुकडा दिला, आणि देता देता माझ्याकडे पाहिलं. तिरकं. एक डोळा अर्धा मिटून.

मी तो तुकडा हातात धरून बसले. थोड्या वेळाने ती "आलेच हं" म्हणून उठली आणि आत जाऊन आली. त्यानंतर आत गेलेला रूलोफ बाहेर येऊन म्हणाला, "बेकरीवाल्याची पोर बाकी झकास आलीय."

मी उठले. संडासाचं दार लावलं आणि बसले. समोर जून होता. तिच्या घरात, तिच्याच वाढदिवसाला, मे संपला होता.

मी हसले, आणि हसता हसता माझे डोळे भरून आले. पान मागे उलटायला हात वर गेला होता, तो खाली घेतला. बाहेरून हार्म्के दार वाजवत होती, पण मी उठायची घाई केली नाही. राहू दे तिला जून. मे महिना किती लांब असतो, हे मला ठाऊक आहे.