पंचफुलाची पावडर आणि फुलचंदचा काटा

केनवडच्या पंचफुलानं मोबाइलवर वजन उतरवायची पावडर मागवली, तेव्हा घरात कोणाला विचारलं नाही. विचारायचं कशाला? जाहिरातीत एक ढोली बाई होती, आणि शेजारी तीच बाई काडीसारखी. तोंडं दोघींची वेगळी होती, पण पंचफुलाची नजर कमरेवरून वर सरकेल तर ना!

फोनवरचा 'डॉक्टर' मोठा गोड बोलायचा. हिनं त्याच्या दवाखान्याचा पत्ता विचारला की नुसतं ताई म्हणायचा, पुन्हा विचारला की माय. पावडर चालू आहे तोवर बीपीची गोळी बंद, असं त्यानं सांगितलं, आणि ह्या बाईनं केली की हो बंद! डोकं ठणकायला लागलं तर फडकं बांधून, पावडर लागू पडली म्हणून खूश.

आता वजन बघायचं होतं. आधीचं सरकारी दवाखान्यात केलेलं, पण तिथली सिस्टर पहिले गोळीचंच विचारणार. मग नवरा, जानराव, सोयाबीन विकायला निघाला तशी हीही निघाली, आणि पोती उतरेपर्यंत फुलचंद शेठच्या काट्यावर गुपचूप उभी राहिली. तीन किलो कमी! बाईला आभाळ ठेंगणं झालं. घरी येताच दुसरा डबा मागवायला तिनं फोन हातात घेतला, पण आनंद पोटात मावेना, म्हणून साक्षीला, लेकीला, सगळं सांगून टाकलं. गोळीचंही.

साक्षी घाबरली. तिनं आधी आईच्या हातातला फोन काढून घेतला. जानराव बाजेवरून उठून बसला आणि वजन कुठं केलं ते विचारलं. कळल्यावर त्याला हसू आवरेना.

"अवं, त्या काट्यावर आपलं सोयाबीनबी पोत्यामागं तीन किलो कमी भरते. त्यानं कोनती पावडर पेली?"

पंचफुलाचं तोंड एवढंसं झालं. त्या काट्याला अख्खं गाव शिव्या घालतं, त्यात हिचा आवाज सगळ्यात मोठा. पण स्वतःचं अंग चढवलं, तेव्हा तोच काटा सच्चा!

"पन तुले बारीक कायले व्हायचं होतं?" जानराव अजून हसतच होता.

"भाचीच्या लग्नात सोयऱ्याइसमोर तुमी मले पोतं म्हनलं. सारे हासले. मीबी हासली."

जानरावाचं हसू तिथंच थांबलं. त्याला फार लाज वाटली. तो उठला, मोटरसायकल काढली, म्हणाला, "चाल, पहिले दवाखान्यात."

"वजन नाई करनार मी."

"नोको करू," तो म्हणाला, आणि ती मागं नीट बसेपर्यंत गाडी धरून उभा राहिला.