एकोणीस जोड्या

सकाळपासून चौथ्यांदा संगणकावरचं गणिती मॉडेल अर्ध्यावर अडकलं. जुळ्यांच्या नोंदणी कार्यालयात सव्वीस वर्षं आकडेमोड करणाऱ्या बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. मुलांची उंची रक्तातून किती येते आणि घरच्या खाण्यापिण्यातून किती, हे जुळ्यांची तुलना करून काढायचं होतं. सुरुवातीचे आकडे बदलून झाले, एक घटक गाळून झाला, प्रोग्रामही नव्यानं बसवून झाला. गणित काही सुटेना, आणि अहवाल तर आठवड्यावर आलेला.

शेवटी त्यांनी मॉडेलचा नाद सोडला. मूळ नोंदींचे कागद कपाटातून काढले आणि पट्टी धरून एकेक ओळ वाचायला घेतली. चारच्या सुमाराला पट्टी थांबली. एका जोडीतल्या दोन्ही मुलांची उंची, वजन, डोक्याचा घेर, सगळं दशांशापर्यंत एकच होतं, आणि तेही सलग नऊ वर्षं. अशा एकोणीस जोड्या निघाल्या. सगळ्या एकाच भागातल्या, आणि तिथल्या गटात जवळपास याच जोड्या होत्या. फरक मोजायला बसलेल्या मॉडेलला तिथे मोजायला फरकच नव्हता. प्रत्येक नोंदीखाली सही एकच होती, तिथल्या दवाखान्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या मोठ्या सिस्टरांची.

दुसऱ्या दिवशी बाई त्यांच्या घरी गेल्या. सिस्टर शेंगा सोलत बसल्या होत्या. कागद पाहून त्यांनी काहीच नाकारलं नाही. या एकोणीस जोड्यांतलं एकेक मूल पहिल्या वर्षातच गेलं होतं. जोडी तुटली की नाव कापायचं, असा नियम होता. नाव कापलं की उरलेल्या मुलाची नोंदणीकडून होणारी तपासणी आणि मिळणारी औषधं बंद. अपुऱ्या दिवसांची ती मुलं, छातीनं अधू.

"जिवंत मुलाला काट्यावर ठेवायचे आणि तोच आकडा दोनदा लिहायचे," सिस्टर म्हणाल्या. "दुसरा थोडा इकडेतिकडे केला असता, तर कळलं नसतं ना तुम्हाला?"

"नसतं कळलं."

"खोटं नीट जमलं नाही मला."

परत येऊन बाई साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेब काही वाईट माणूस नव्हते. एकटी उरलेली मुलंही अभ्यासात ठेवता येतात, अर्धी जोडी मॉडेलला चालते, हे बाईंनी त्यांना दोनदा समजावलं. साहेबांनी ऐकून घेतलं.

"मॉडेलला चालेल हो, नियमाला चालत नाही," ते म्हणाले. "आपली नोंदणी जोड्यांची आहे."

बाई जागेवर येऊन बसल्या. एकोणीस जोड्यांचे आकडे थोडे वरखाली केले असते, तर कुणाच्या बापाला पत्ता लागला नसता. मॉडेलही चाललं असतं. त्या बराच वेळ कीबोर्डवर हात ठेवून बसल्या. मग त्यांनी एकोणीस ओळी निवडल्या आणि पुसल्या. मॉडेल अकरा सेकंदांत सुटलं. उत्तर चांगलं आलं. साहेबांनी येऊन शाबासकी दिली, तेव्हा बाई मान खाली घालून, नाव कापल्याचं त्या एकोणीस घरांना कळवणाऱ्या पत्रांवर पत्ते लिहीत होत्या.

पत्रं गेली. अठरा घरांतून कुणी आलं नाही. एकोणिसाव्या घरातली आई नऊ वर्षांच्या मुलीला घेऊन आली. दोन मजले चढून मुलीला धाप लागली होती. बाईंनी तिला खुर्ची दिली आणि आईचं बोलणं ऐकून घ्यायची मनाची तयारी केली. पण औषधांबद्दल आई बोललीच नाही. तिला गेलेल्या मुलीचा कागद हवा होता.

"ते आकडे तिचे नाहीत हो," बाई हळूच म्हणाल्या. "हिचेच आहेत."

"माहितीये. सिस्टर माझ्यासमोरच लिहायच्या. पण तिचं नाव दुसरीकडे कुठेच नाही."

नोंदी बाहेर द्यायला मनाई होती. बाईंनी कपाटातून मूळ कागद काढला आणि आईच्या हातात ठेवला. मुलगी वाकून वाचू लागली. शेवटच्या ओळीवर तिनं बोट टेकवलं.

"ती माझ्याएवढी होती?"

"हो," आई म्हणाली. "अगदी तुझ्याएवढी."

दोघी निघाल्या. बाई दारात उभ्या राहिल्या. जिन्यात मुलीचा श्वास वाजत होता. प्रत्येक वळणावर पावलं थांबत, मग पुन्हा उतरू लागत.