पाठ लागू दिली नाही

आर्णीच्या कुस्त्यांच्या दंगलीत बौद्धवाड्यातला पोरगा उतरला तो एकसष्ट साली, पहिल्यांदा. धम्म घेऊन पाच वर्षं झाली होती, तरी तोवर आम्ही कुस्त्या कुंपणाबाहेरूनच पाहायच्या. श्रावणला मातीत सोडताना पंच पंजाबराव हसत म्हणाले, "उतर लेका. पण चीत झाला तं पुढच्या साली तुमच्यातला कोणी इथं दिसाचा नाही."

चीत म्हणजे पाठ मातीला लागणं. लागली की हरला.

समोरच्या शंकरसिंगनं त्याला उचलून फेकला. श्रावण डोक्यावर आपटला, मान मुडपली आणि तो पालथा पडला.

"हालवू नोका मले," तोंड मातीत असतानाच तो म्हणाला. "पाय समजून नाही राह्यले." हाताची बोटं मात्र माती उकरत होती. साऱ्यांनी पाहिली.

"काहून बे, झोपला काय?" पंजाबराव म्हणाले. "पलटवा रे त्याले."

पलटवला तर पाठ लागणार. श्रावणचा काका नानाजी धावत आत शिरला. "हात नोका लावू. आमचा पोट्टा हारला नाही. उभा राह्यते तो." त्यानं आणि वस्तीतल्या तिघांनी बगलेत हात घालून श्रावणला उभा केला. डोकं छातीवर लोंबलं. बोटं थांबली.

कुस्ती बरोबरीत सुटली. आमच्या शहाण्यांनी ढोल लावून त्याला खांद्यावर वस्तीभर मिरवला.

यवतमाळच्या डॉक्टरनं विचारलं, "पडल्यावर बोटं हालत होती?"

"हालत होती जी," त्याची माय रुखमाबाई म्हणाली.

"मग उचलला कशाला? आहे तसा पडू द्यायचा. डोकं धरून ठेवायचं, फळीवर बांधून आणायचं. आता घरी न्या."

साऱ्या दंगलीत मानेकडं पाहणारा एक माणूस नव्हता. ते पाठ पाहत होते, आणि आम्हीही पाठच.

पुढच्या साली वस्तीतले दोघं उतरले. नानाजी सांगायला आला. श्रावण खाटेवर उताणा, वर्षभर होता तसाच. रुखमाबाई माशा हाकत होती.

"तुह्यामुळं उतरले बापू. आपण पाठ नाही लागू देली."

श्रावण आढ्याकडं पाहतच म्हणाला, "काका, मले पाठ समजत नाही. वास येऊन राह्यला तिचा. पालथा कर."

नानाजी उठला, पण त्याचे हात पुढं येईनात. रुखमाबाईनं एकटीनंच पलटवला. चादर पाठीसोबत वर आली.