सील नवऱ्याचं, घडी बायकोची

घरामागच्या शेडमध्ये लांबलचक टेबलावर पॅराशूट पसरलं होतं. सूनबाई त्याची एकेक चुणी सरळ करत होती आणि दारात उभी राहून चहा पिणारी नणंद तिची करमणूक करत होती.

"वहिनी, दादाला स्वतःच्या शर्टाची तरी घडी घालता येते का गं?"

"हळू बोल, आई ऐकतील."

"ऐकू दे. विमानातून उडी मी मारते. मुख्य पॅराशूट दगा देतं तेव्हा हे राखीवच वाचवतं. तुझ्या हातची घडी असेल तरच मी ते पाठीवर घेते, हे साऱ्या मैदानाला ठाऊक आहे."

ठाऊक सगळ्यांनाच होतं. मान्य मात्र कोणीच करत नव्हतं. राखीव पॅराशूटची घडी परवानाधारक रिगरनेच घालायची आणि वर शिशाचं स्वतःचं सील मारायचं, असा नियम. परवाना नवऱ्याचा, सील नवऱ्याचं. तो जेवून, पान खाऊन मग शेडमध्ये यायचा, सील दाबायचा आणि मैदानावर मिशीला पीळ देत फिरायचा.

सूनबाई माहेरच्या देशात रिगरच होती. नव्या मुलांना शिकवायची. लग्न होऊन इथं आली आणि तिचं प्रमाणपत्र रद्दी झालं. "त्या देशाशी आपला करार नाही," एवढंच विमान खात्यानं सांगितलं. पॅराशूट उघडतं ते सगळीकडे सारखंच, पण खात्याला हे सांगणार कोण! एक वाट उरली होती. इथल्या रिगरच्या हाताखाली काम करायचं, ते तिनं केलंय असं त्यानं लिहून द्यायचं आणि मग परीक्षेला बसायचं. रिगर तर घरातच होता. काखेत कळसा, म्हणाल तुम्ही. तिलाही तसंच वाटलं होतं.

"बायकोच्या स्वयंपाकावर कोणी तिचं नाव लिहितं का?" नवरा म्हणाला.

सासूनं समजूत घातली, "नवऱ्याचं नाव ते तुझंच नाव की गं. वेगळं कशाला हवं?"

अशी वर्षं गेली. शेवटी नणंदेनंच तिला पुढं बसवून खात्याला अर्ज लिहायला लावला. घड्या मी घालते, माझ्या कामाची नोंद माझ्या नावावर व्हावी. खोटं एक अक्षर नव्हतं, म्हणूनच नवऱ्याचं पित्त खवळलं. खात्यातल्या ओळखीच्या माणसानं त्याला फोन करून सगळं सांगितलं होतं.

"माझ्याच घरात राहून माझंच घर जाळतेस?" त्यानं शेडच्या किल्ल्या खिशात टाकल्या. "यापुढं टेबलाला हात लावलास तर हात मोडून ठेवीन. तुझ्यावाचून अडत नाही माझं."

अडत होतंच. नणंदेच्या राखीव पॅराशूटच्या घडीची मुदत संपली, तेव्हा त्यानं ते स्वतः उलगडलं आणि शिव्या देत त्याची पुन्हा घडी घातली.

सुटीच्या दिवशी सकाळी सूनबाई स्वयंपाकघरात होती. खिडकीतून अंगणातलं बोलणं ऐकू आलं.

"दादा, वहिनीनंच घातलीय ना घडी?"

"मग काय मी घातली?" तो हसला. भांडण मिटलं असं समजून नणंदही हसली.

सूनबाई हातातलं टाकून धावली. सासूनं दंड धरला. "बाहेर निघालेल्या माणसांना अडवू नकोस. सकाळी सकाळी तमाशा नको." दंड सोडवून ती अंगणात पोचली, तोवर गाडी फाटकाबाहेर गेली होती. नणंदेचा फोन लागेना. तिनं नवऱ्याला लावला.

"तिला उडी मारू देऊ नका. मी एकदा तपासते, पाया पडते तुमच्या."

"लायसन्स कोणाकडे आहे?" त्यानं विचारलं आणि फोन ठेवला.

मुख्य पॅराशूटला पीळ पडला. नणंदेनं ते शिकवल्याप्रमाणे सोडून दिलं आणि राखीवची मूठ ओढली. घडी घालताना पिशवीची झडप दाबून धरायला एक तात्पुरती पिन लावतात. सील मारण्याआधी ती काढायची असते. सूनबाई हत्यारं मोजल्याशिवाय सीलला हात लावू देत नसे. त्यानं मोजली नव्हती. पिन आतच होती. राखीव पॅराशूट नणंदेच्या पाठीवर बंदच राहिलं आणि ती जमिनीपर्यंत तशीच आली.

तेरा दिवसही झाले नव्हते. चौकशीच्या आदल्या संध्याकाळी सासू सुनेच्या खोलीत आली आणि चक्क तिच्या पायाशी बसली.

"ती घडी तू घातलीस असं सांग."

"आई!"

"मुलगी गेली माझी. मुलगा तरी राहू दे. त्याचा परवाना गेला तर घर बसेल. तुझ्याकडे जायला आहे काय? इथं तुझं काही नाहीच."

दारात उभा असलेला नवरा खाली बघत म्हणाला, "अर्जात तूच लिहिलंयस ना, घड्या मी घालते म्हणून? मग घे आता नाव."

इतकी वर्षं जे नाव मागून मिळालं नाही, ते आज हे मायलेक ताटात वाढून आणत होते! सूनबाईला सासूची कणव आली, खरंच आली. ती रात्रभर रडली. पण दादानं फसवलं हे न कळताच जी गेली, तिच्या मरणावर दुसरं खोटं घालायला तिचं मन धजेना.

"ही घडी माझी नाही," चौकशीत ती म्हणाली. "मांडणीवरच्या बाकी सगळ्या माझ्या आहेत."

चौकशीच्या साहेबांनी शेडमधल्या मांडणीवरची सगळी सीलं कापून पॅराशूटं उघडली. एकातही दोष निघाला नाही. नवऱ्याचा परवाना गेला, तुरुंग मात्र टळला. भावाला बहिणीचं दुःख पुरेसं आहे, असं ठरलं. सूनबाईनं मात्र परवान्याशिवाय काम केल्याचं स्वतःच्या तोंडानं कबूल केलं होतं. तिचा अर्ज कायमचा फेटाळला गेला. सासूनं तिची बॅग फाटकाबाहेर ठेवली.

ती शहराच्या टोकाला एका खोलीत राहू लागली. मैदानावर नवा रिगर आला. परदेशातलाच, पण करार असलेल्या देशातला. पत्ता काढत तो तिच्या दारी पोचला.

"हात चांगला आहे म्हणे तुमचा. घड्या तुम्ही घाला, सील मी मारतो. सगळीकडे असंच चालतं."

"लिहून द्याल? माझ्या नावानं?"

"ते कसं जमेल, बाई?"

"मग नाही."

तो रागावला नाही. तिच्याच चाळीत, करार नसलेल्या आणखी एका देशाची बाई राहत होती. त्यानं तिचं दार वाजवलं. तिला पोरं होती, ती हो म्हणाली. पुढच्या सुटीपासून उड्या पुन्हा सुरू झाल्या. रांगेत उभं राहून लोक पाठीवर पॅराशूट बांधून घेतात, सील बघतात आणि निर्धास्त होतात. तुम्हीही त्या रांगेत असाल, तर घडी कोणी घातली हे एकदा मोठ्यानं विचारा.